पहिली रात्र म्हणजे परीक्षा नव्हे

आम्ही तुमच्या बचत गटांच्या सहयोगिनी. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्जाच्या हप्त्यांबद्दल, शेळीच्या विम्याबद्दल, शेवया-पापडाच्या ऑर्डरीबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. या दिवसांत ज्यांची लग्नं ठरलीत किंवा नुकतीच झालीत, त्या मुलामुलींच्या शरीरसंबंधांबद्दल आज बोलायचं आहे. दुपारी दोनची वेळ आम्ही मुद्दाम मागून घेतली. लहान पोरं शाळेत असतात, कामं जरा हातावेगळी झालेली असतात. लाज वाटली तर भांडी घासता घासता ऐका, पण ऐका.

हा विषय आम्ही कुठून उकरून काढलेला नाही. गटाच्या मासिक बैठकीत आम्ही एक रिकामा डबा ठेवतो. ज्याला जे विचारायचं असेल ते नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहायचं आणि डब्यात टाकायचं. रेशन कार्डाच्या चिठ्ठ्या येतात, व्याजाच्या येतात. त्यांच्यात घडी घालून घालून बारीक केलेल्या काही चिठ्ठ्या असतात. "लग्नाला आठ दिवस झाले, लघवीला आग होते, कोणाला सांगू?" "पहिल्या दिवशी रक्त आलं नाही, नवरा संशय घेतो." "मला भीती वाटते, जवळ आले की अंग आखडतं." "वर्षभर मूल नको आहे, पण सासूबाईंना कसं सांगू?" या चिठ्ठ्यांची उत्तरं आम्ही मनाने दिलेली नाहीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम आणि नर्सताईंसोबत बसून एकेक गोष्ट समजून घेतली आणि मगच आज तुमच्यासमोर बोलतोय.

लग्नाची तयारी आपण किती करतो बघा. बस्ता बांधतो, मानपानाच्या साड्यांची यादी करतो, हळदीला कोण, मुंडावळ्या कुठून, सत्यनारायणाला भटजी कोण, सगळं ठरवतो. मुलीला पुरणपोळी येते का, भाकरी थापता येते का, हेही बघतो. पण लग्नाच्या रात्री ज्या दोघांना एका खोलीत पाठवायचं, त्यांना काय माहीत आहे, हे कोणी विचारत नाही. मग मुलगी मैत्रिणीची कुजबुज ऐकून जाते आणि मुलगा मोबाईलवरचा व्हिडिओ बघून. व्हिडिओतली माणसं पैसे घेऊन नाटक करतात. त्यांच्याकडे बघून संसार शिकणं म्हणजे सिनेमातली मारामारी बघून कुस्तीच्या फडात उतरण्यासारखं आहे.

"असलं बोलणं आपल्यात नसतं" असं काहीजणी म्हणतील. पण आपल्या महाराष्ट्रातच हे बोलणं शंभर वर्षांपूर्वी सुरू झालंय. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. त्यात ते वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा हा विषय घाणेरडा असता, तर एवढी मोठी माणसं त्यासाठी कोर्टात गेली नसती.

आणि गप्प बसल्याने काय होतं तेही ऐका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ बायकांना गर्भाशयाचा, योनीमार्गाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. बाकीच्या सगळ्या सोसत होत्या. हे सोसणं कुठून सुरू होतं? लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासूनच सुरू होतं, असं आम्हाला चिठ्ठ्या वाचून वाटतं.

तर आता मुद्द्यावर येऊ.

पहिली गोष्ट, पहिल्या रात्रीच सगळं झालं पाहिजे असा कोणताही नियम नाही. नवरा-नवरी दोघंही दमलेली असतात. चार रात्रींची झोप नसते. हळद, लग्न, वरात, गोंधळ, जेजुरीला जाऊन येणं, पूजा. घर पाहुण्यांनी भरलेलं, दाराला धड कडी नाही, बाहेर पोरीबाळी खिदळतायत. त्यात दोघांची धड ओळखही नाही. अशा वेळी त्या रात्री नुसत्या गप्पा मारल्या आणि झोपून गेले तर काही बिघडत नाही. दोन दिवस लागतील, दोन आठवडे लागतील, कोणाला त्याहून जास्त लागतील. हात हातात घेणं, जवळ बसणं, केसांवरून हात फिरवणं, एकमेकांची सवय होणं, हेही सगळं संबंधातच येतं. जमिनीत ओल नसताना पेरणी करत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. इथेही तेच आहे.

दुसरी गोष्ट, दोघांचीही इच्छा हवी. लग्न झालं म्हणून बायकोचा होकार कायमचा मिळाला असं होत नाही. आज नको म्हणायचा तिला अधिकार आहे, त्यालाही आहे. बोलायची सवय नसते, म्हणून काही साधी वाक्यं आम्ही सांगतो. "आज मी दमलेय, नुसतं जवळ बसून बोलूया का?" "मला जरा भीती वाटतेय, हळू." "दुखतंय, थांबा." आणि नवऱ्याने विचारायचं, "तुला चालेल का? त्रास होतोय का?" हे विचारल्याने पुरुषाचा कमीपणा होत नाही. उलट असं विचारणाऱ्या नवऱ्याजवळ बाई निर्धास्त होते. एक लक्षात ठेवा दादांनो, ती गप्प आहे म्हणजे तिची हरकत नाही असं समजू नका. आपल्या मुलींना गप्प राहायलाच शिकवलेलं असतं. अंग चोरून घेतेय, तोंड फिरवतेय, डोळ्यांत पाणी आहे, तर तो नकारच आहे.

इथे कायद्याचंही सांगतो. मुलीचं लग्नाचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण. त्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे. पत्नी १८ वर्षांखालची असेल तर तिच्याशी ठेवलेला संबंध बलात्कार ठरतो, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये दिला आहे. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हीसुद्धा हिंसा धरली आहे, मग तो नवऱ्याने केलेला का असेना. मारून, धमकावून, दारू पिऊन जबरदस्ती होत असेल तर ती सोसायची गोष्ट नाही. महिलांसाठी १८१ हा मदतीचा फोन आहे. लहान वयात मुलीचं लग्न लावत असतील तर १०९८ वर कळवा.

तिसरी गोष्ट रक्ताची. या एका गोष्टीपायी किती मुली माहेरी परत आल्या असतील, त्याची मोजदाद नाही. नीट ऐका. योनीच्या तोंडाशी एक पातळ, लवचिक पडदा असतो. सगळ्या मुलींचा तो सारखा नसतो. काहींचा जन्मापासूनच अगदी नावापुरता असतो, काहींचा इतका लवचिक असतो की संबंध आला तरी फाटत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी पुष्कळ मुलींना रक्त येतच नाही. रक्त आलं नाही म्हणजे मुलगी 'तशी' होती, हे शास्त्राला धरून नाही. कोणत्याही डॉक्टरला तपासून सांगता येत नाही की हिचा आधी संबंध आला होता की नव्हता. म्हणूनच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांचा धडा डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून काढून टाकायचं ठरवलं. त्याआधी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी हा धडा अशास्त्रीय आहे म्हणून पाठपुरावा केला होता.

पांढऱ्या चादरीची प्रथा आपल्याच राज्यातल्या काही समाजांत होती. २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनीच तिच्याविरुद्ध आवाज उठवला, जातपंचायतीचा रोष पत्करला. पुढच्या वर्षी अशी कौमार्य चाचणी घेणं हा लैंगिक अत्याचार समजला जाईल असं राज्य सरकारने जाहीर केलं. आपल्या घरात पंचायत नसते, पण सकाळी उठल्यावर चादर बघणारी नजर असते. ती नजर आपण काढून टाकू या. आणि दादांनो, ज्या परीक्षेचा पेपरच चुकीचा आहे त्यात बायकोला नापास करू नका.

आता दुखण्याबद्दल. पहिल्या काही वेळा थोडा ताण, थोडं दुखणं होऊ शकतं. पण खूप दुखणं हा काही सगळ्यांच्या वाट्याला येणारा भोग नाही. बहुतेक वेळा दुखतं ते घाईमुळे आणि भीतीमुळे. बाईचं मन तयार झालं, तिला जवळीक आवडायला लागली की योनीमार्गात आपोआप ओलावा सुटतो आणि तिथले स्नायू सैल होतात. त्याला वेळ लागतो, पुरुषापेक्षा पुष्कळदा जास्त लागतो. तो वेळ दिला नाही तर कोरडेपणामुळे घासतं, चिरा पडतात, आग होते. म्हणून आधी जवळीक, गप्पा, कुरवाळणं, आणि बाई हो म्हणेल तेव्हाच पुढे. दुखलं तर तिथेच थांबायचं. थांबलं म्हणून पुरुषाच्या तब्येतीला काही होत नाही. ओलावा कमीच पडत असेल तर औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरता येते. कंडोम वापरत असाल तर मात्र खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने कंडोमचं रबर कमजोर होऊन फाटतं.

काही मुलींचं अंग इतकं आखडतं की कितीही ठरवलं तरी संबंध होत नाही. ती मुद्दाम करत नाही. तिथले स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सुनेचं असंच होतं. तिची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता बोलतोय. लग्नाला पाच महिने झाले होते. सासरचे म्हणायचे, हिच्यात दोष आहे. माहेरचे म्हणायचे, बाहेरचं काही लागलंय. अंगारे झाले, दोन्हीकडची बैठक झाली, सोडचिठ्ठीपर्यंत गोष्ट गेली. नवरा मात्र शांत होता. तो म्हणाला, एकदा डॉक्टरला तरी दाखवू. दोघं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून शरीराचं चित्र काढून समजावलं, श्वास सोडत स्नायू सैल करायचे व्यायाम तिला शिकवले, आणि तोवर संबंधाचा प्रयत्नच करू नका असं त्याला सांगितलं. काही आठवडे गेले. आज दोघांचा संसार व्यवस्थित आहे. पाच महिने अंगाऱ्यात गेले, आणि इलाज होता तो समजावून सांगण्यात. असा त्रास कोणाला असेल तर थेट दवाखान्यात जा, यावर उपाय आहे.

आणि हे धोक्याचं समजा: संबंधानंतर रक्त थांबतच नाही, पॅड भिजतंय, ओटीपोटात जोराची कळ आहे, ताप आहे, किंवा दर वेळी तितकंच दुखतंय. अशा वेळी रात्र असो वा दिवस, दवाखाना गाठायचा.

आता दादांनो, तुमच्याबद्दल. तुमच्यावरही ओझं असतं, हे आम्हाला कळतं. मित्र चिडवतात, सकाळी डोळा मारून विचारतात. त्या धास्तीनेच कधी ताठरपणा येत नाही, कधी लगेच वीर्य पडतं. नवीन लग्नात हे अगदी नेहमीचं आहे. सवय झाली, धास्ती गेली की पुष्कळांचं आपोआप सुधारतं. लिंगाच्या लांबीवर बाईचं सुख अवलंबून नसतं. झोपेत वीर्य जाणं याला लोक स्वप्नदोष म्हणतात, पण त्यात दोष काही नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. हस्तमैथुनाने लग्नाला माणूस निकामी होतो हेही खोटं. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशा जाहिराती असतात, त्या याच भीतीवर पैसे कमावतात. तिथे हजारो रुपये घालवू नका. मित्राने दिलेली ताकदीची गोळी डॉक्टरला न विचारता घेऊ नका, हृदयाच्या काही औषधांबरोबर ती जिवावर बेतू शकते. दारूने धीर येतो असं वाटतं, पण ताठरपणा कमी होतो आणि भान सुटतं ते वेगळंच. तंबाखूनेही रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्याचा परिणाम इथे होतो. त्रास चालूच राहिला तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता लघवीच्या जळजळीची चिठ्ठी. नवीन लग्नात ही तक्रार फार येते. घरातल्या बायका म्हणतात उष्णता झाली, सब्जा पी. सब्जा प्या, पण तेवढ्यावर थांबू नका. बाईची लघवीची वाट आखूड असते आणि योनी-गुदद्वाराच्या जवळ असते. संबंधाच्या वेळी तिथले जंतू लघवीच्या वाटेत जातात आणि संसर्ग होतो. उपाय साधा आहे. संबंधानंतर बाईने लघवी करून यायचं. दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. नवी नवरी लाजेने, संडास लांब असतो म्हणून पाणीच पीत नाही, लघवी दाबून ठेवते, त्याने त्रास वाढतो. सासूबाई, नव्या सुनेला संडास-बाथरूम कुठे आहे हे पहिल्या दिवशीच दाखवा आणि रात्री जायला सोबत लागली तर द्या. आग होते, सारखी लघवीला जावं लागतं, कंबर दुखते, थंडी वाजून ताप येतो, तर आरोग्य केंद्रात दाखवा. औषधाने बरं होतं. औषध मध्येच सोडू नका.

स्वच्छता दोघांनी ठेवायची. पुरुषाने लिंगाची पुढची कातडी हळूच मागे घेऊन रोज पाण्याने धुवायचं. बाईने बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं. आत साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी काही घालायचं नाही. योनी आतून स्वतःची स्वच्छता स्वतः करत असते, साबणाने उलट तिचं बिघडतं. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ चिकट स्राव जातो, तो नेहमीचा आहे. पण दह्यासारखं पांढरं जातं आणि खाज सुटते, घाण वास येतो, पिवळं-हिरवं जातं, फोड किंवा जखम दिसते, तर ती अंगावर काढू नका. अशा काही आजारांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. एकटीनेच घेतलं तर आजार परत येतो.

लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेतलं तर फार चांगलं. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, निकाल गुप्त ठेवतात, आणि त्याबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो, तिकडच्या जोडप्यांनी तीही तपासणी करावी. पत्रिका जुळवतो तसा हा कागदही बघायला काय हरकत आहे?

शेवटचा मोठा मुद्दा, दिवस राहण्याचा. पहिल्याच संबंधात दिवस राहू शकतात. "बाहेर सोडलं" म्हणजे सुरक्षित, असं नाही, कारण वीर्य पडण्याआधीच्या स्रावातही कधी कधी शुक्रजंतू असतात. आणि एक गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. लग्नात, पूजेत अडचण नको म्हणून मुलीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांनी गर्भ थांबत नाही. त्या डॉक्टरला न विचारता घेऊही नयेत.

मूल लगेच नको असेल तर नव्या जोडप्यासाठी सगळ्यात सोपा कंडोम, म्हणजे निरोध. दिवस राहत नाहीत आणि लैंगिक आजारांपासूनही बचाव होतो, हे दोन्ही करणारं साधन हेच. पाकिटावरची तारीख बघा. दाताने फाडू नका. अंगाला अंग लागायच्या आधीच चढवा, टोकाशी हवा राहू देऊ नका. नंतर कडेला धरून बाहेर घ्या, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, संडासात टाकू नका. एक कंडोम एकदाच.

मग गोळ्या. माला-एनचं पाकीट २८ गोळ्यांचं, त्यातल्या २१ गर्भनिरोधक आणि ७ लोहाच्या. रोज एक, ठराविक वेळी. छाया नावाची गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठराविक वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, म्हणून लवकरच मूल हवं असेल तर आधी नर्सताईंशी बोला. तांबी अजून मूल न झालेल्या बाईलाही डॉक्टरच्या सल्ल्याने बसवता येते. ही सगळी साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोध आणि गोळ्या आशाताईंकडेही असतात. कोणाला कोणती गोळी चालेल हे रक्तदाब, डोकेदुखी, इतर आजार बघून ठरवतात, म्हणून शेजारणीची गोळी उचलून खाऊ नका.

कंडोम फाटला किंवा काहीच वापरलं नाही, तर ७२ तासांच्या आत घ्यायची एक तातडीची गोळी असते. जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. पण ती अडीनडीची आहे, दर वेळी घ्यायची नाही. आणि पाळी चुकली तर दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरात खायच्या नाहीत. अतिरक्तस्राव होऊन बाई दगावू शकते. सरकारी दवाखान्यात जा, तिथे कायद्याने, गुप्तता ठेवून मदत मिळते. उलट मूल हवंच असेल तर दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करा आणि हिमोग्लोबिन तपासा.

आता सासूबाईंसाठी आणि आयांसाठी दोन शब्द. आपल्यालाही कोणी काही सांगितलं नव्हतं. आपण घाबरत गेलो, सोसलं, आणि तेच बरोबर असं मानलं. ते आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला येऊ नये. घर दोन खोल्यांचं असलं तरी नव्या जोडप्याला आतून लावता येईल अशी कडी असलेली एक खोली, निदान काही दिवस, द्या. सकाळी चौकशी करू नका, चादर बघू नका. दुसऱ्या महिन्यापासून 'गोड बातमी' विचारू नका. लग्नाआधी आईने मुलीशी, आणि वडिलांनी किंवा मोठ्या भावाने मुलाशी, एकदा बोला. तोंडाने बोलणं जमत नसेल तर दोघांना आरोग्य केंद्रात नर्सताईंकडे घेऊन जा. या लग्नसराईत आमच्या गटांनी असं ठरवलंय की ज्या घरी लग्न आहे त्या घरच्या मुलीला आणि येणाऱ्या सुनेला आशाताईंशी एकदा भेटवायचं. रुखवतात पन्नास वस्तू ठेवतो, त्यात ही एक भेट वाढवायची. तुमच्या गटातही हा विषय काढा.

मैत्रिणींनो, नवरा-बायकोचं नातं रात्रीच्या अंधारात एकमेकांना घाबरून सुरू होऊ नये. एकमेकांना विचारत, थांबत, समजून घेत सुरू व्हावं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला पैसे पडत नाहीत.

तुमचे प्रश्न गटाच्या डब्यात टाका, नाव लिहू नका. त्यातल्या मूल होण्याच्या आणि मूल न होण्याच्या चिठ्ठ्यांबद्दल पुढच्या वेळी बोलू. तोपर्यंत भरपूर पाणी प्या, आणि हे ऐकलेलं निदान एका नव्या नवरीपर्यंत पोचवा. नमस्कार.